घरटी एक माणूस, ऐकायला

या प्रवासाला निघण्याचं कारण सांगायची लाज वाटते, पण ते वगळलं तर पुढचं सगळं खोटं होईल. आमच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर, ईरा नावाची अकरा वर्षांची मुलगी राहते. तिनं व्हायोलिन शिकायला घेतलं होतं आणि रोज संध्याकाळी सहा ते सात ती ते घासत बसायची. एका संध्याकाळी माझा संयम सुटला. सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिलं, "संगीताला विरोध नाही, पण ते संगीत होईपर्यंत खिडक्या बंद ठेवाव्यात." वाक्य मला इतकं आवडलं की पाठवल्यावर मी ते दोनदा वाचलं. खाली आठ जणांचे अंगठे उमटले. दुसऱ्या दिवसापासून वर चिडीचूप.

त्याच आठवड्यात शोभाचा फोन आला. शोभा आणि मी एकवीस वर्षं बँकेत शेजारच्या टेबलांवर होतो. निवृत्तीनंतर ती सासरच्या गावी जाऊन राहिली, तुळजापूर तालुक्यात, जळकोटच्या आत. "आमची पोरं गात्यात, वाजवत्यात," ती म्हणाली. गावात राहून तिची भाषा पार बदललीय. "रविवारी सभा हाय त्यांची. ये तू." मी लहानपणी दहा वर्षं गाणं शिकलेय. त्यामुळे मला परीक्षक म्हणूनच बोलावलंय, हे मी परस्पर ठरवून टाकलं. बॅगेत एक कोरी वही आणि लाल पेन टाकलं.

जानेवारीतला शुक्रवार. पुण्याहून सकाळच्या गाडीनं सोलापूर, तिथून तुळजापूरची एसटी. तासाभराचा रस्ता आहे, चांगला आहे, आणि बायकांना अर्धं तिकीट. शुक्रवारी जाऊ नका, हा माझा पहिला सल्ला. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा हे देवीचे गर्दीचे दिवस. मला तिसऱ्या लॉजवर खोली मिळाली, तीही जिन्याखालची. देवळात पायऱ्या उतरून खाली जावं लागतं, म्हणजे दर्शन झाल्यावर गुडघ्यांना त्या पुन्हा चढायच्या असतात. रांगेत तीन तास गेले. बाहेर दोन तरुण गोंधळी संबळ वाजवत होते आणि त्यांच्यासमोरून लोक चपला शोधत निघून जात होते. मीही तशीच गेले.

शनिवारी नळदुर्गमार्गे जळकोट. नळदुर्गचा किल्ला पाहायचा असेल तर दोन-तीन तास तरी हाताशी ठेवा, मी ठेवले नव्हते. जळकोटला महामार्गावर उतरलं की आत जायला काळीपिवळी जीप मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. मी पाऊण तास बसले आणि दोन चहा प्यायले. मग दोन्ही बाजूंना काळी जमीन, निसवलेली ज्वारी, घाटे धरलेला हरभरा. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण गावानंच तशी अट घातलीय. मनापासून शोधलंत तर सापडेल.

शोभानं जेवायला भाकरी, येसराची आमटी आणि शेंगांची चटणी केली होती. मी कौतुकानं वही-पेन काढून दाखवलं. ती हसत सुटली.

"परीक्षक? कुणी सांगितलं तुला? आमाला मार्क देणारं न्हाय, ऐकणारं माणूस पायजे."

मग तिनं सभेची हकीकत सांगितली. पहिल्या वर्षी त्यांनी शहरासारखा कार्यक्रम करायचं ठरवलं. स्टेज बांधलं, माईक आणला आणि दोनशे खुर्च्या मागवल्या. आले पंधरा जण. एक पोरगी रिकाम्या खुर्च्या बघून स्टेजवरच रडली. दुसऱ्या वर्षी कुणीतरी म्हणालं, नाल्यातला गाळ काढताना आपण घरटी एक माणूस लावला होता, तसंच लावू. तेव्हापासून तोच नियम आहे. प्रत्येक घरानं एक माणूस ऐकायला पाठवायचं. सकाळीच घरून बसायला एक बस्कर, म्हणजे छोटं आसन, आणून मारुतीच्या सभामंडपात अंथरायचं, म्हणजे कुणाचं घर आलं नाही ते सगळ्यांना दिसतं. आणि वाजवणारा उठेपर्यंत ऐकणाऱ्यानं उठायचं नाही.

"झोप लागली तर?" मी विचारलं.

"झोप की. पण उठायचं न्हाय."

तेवढ्यात आतल्या खोलीतून पेटीचा सूर आला. एकोणीस वर्षांची प्रतीक्षा तिथं रियाज करत होती. नळदुर्गला कॉलेजला जाते. तिचे वडील, दत्तूअण्णा, तीस वर्षं गावच्या भजनात पेटी वाजवायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात कायमचा राहिला. तेव्हापासून पेटीचा आवाज त्यांना सहन होत नाही. सुरू झाला की ते उठून शेताकडं निघतात. म्हणून प्रतीक्षाच्या आईनं, सुमनबाईंनी, पेटी शोभाकडं आणून ठेवली होती. आता अण्णांनी सांगितलं होतं की पेटी जळकोटच्या भजनी मंडळाला देऊन टाका. मंडळाची माणसं सोमवारी येणार होती.

"म्हणजे उद्याची तिची शेवटची सभा?" मी म्हटलं.

"अण्णा आले न्हाईत तर शेवटचीच," शोभा म्हणाली.

मी आत जाऊन बसले. प्रतीक्षा भैरवी वाजवत होती. बोटं तयार होती, पण भाता ती इतक्या जोरानं ओढत होती की सुराला दम लागत होता. मला राहवेना. मी तोंड उघडलं, तर दारातून शोभानं डोळे मोठे केले. नंतर म्हणाली, "तू सांगू नको. सांगणारं माणूस हाय तिला."

मी प्रतीक्षाला विचारलं, उद्या अण्णा नाही आले तर?

"तर म्या वाजवणार न्हाय," ती शांतपणे म्हणाली. "दरवर्षी आमच्या घरचं आई बसती. औंदा ती म्हणली, म्या बसले तर त्येंना यायचं कारणच उरत न्हाय. बस्कर टाकीन आन् घरी जाईन. रिकामं बस्कर बघून वाजवायचं काय माझ्यानं हुणार न्हाय."

रविवारी तीनला सभा सुरू झाली. दुपारची वेळ मुद्दाम, धारा काढायच्या आधी लोक मोकळे व्हावेत म्हणून. मंडपात चाळीसेक बस्करं होती. कुठं गोधडीचा तुकडा, कुठं पोतं, कुठं जुन्या साडीची घडी. शोभानं माझ्या गुडघ्यांसाठी मागं एक खुर्ची ठेवली होती. पण पुण्याहून येऊन खुर्चीत बसणं मला बरं दिसेना. भिंतीला लागून हिरव्या काठाचं एक रिकामं बस्कर दिसलं. पाहुण्यांचं असेल असं समजून मी ऐटीत त्यावर जाऊन बसले. शेजारच्या म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं.

दोघी बहिणींनी गवळण म्हटली. एका मुलानं तबला वाजवला, मधे ठेका चुकला, जीभ चावली आणि पुन्हा धरला. कुणी हसलं नाही. एक गृहस्थ ताठ बसून घोरत होते. मला आधी गंमत वाटली, मग हळूहळू वाटेनाशी झाली. इतकी माणसं इतक्या कच्च्या सुरांकडं इतकं लक्ष देऊन बसलेली मी कधी पाहिली नव्हती. आपण आठ अंगठे मिळवले होते, हे आठवलं.

आठवीतली एक मुलगी बासरी वाजवत होती, तेव्हा दारात एक उंच माणूस येऊन उभा राहिला. पांढरी टोपी, उजवा हात सदऱ्याच्या खिशात खोचलेला. सगळ्या मंडपाच्या माना जराशा वळल्या. त्यांची नजर भिंतीकडून सरकत आली आणि माझ्या मांडीखाली थांबली. मग चेहरा सैल पडला. सुटका झाल्यासारखा. ते वळले.

म्हातारी माझ्या कानाशी कुजबुजली, "बाई, दत्तूअण्णाच्या घरचं बस्कर हाय की हे."

मी उठले. बासरी चालू असताना, सगळा नियम मोडून, लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत उठले. त्यांना पायरीवर गाठलं.

"अण्णा, ती तुमची जागा आहे. मी चुकून बसले."

"बसा की. पाव्हण्याला उठवत न्हाईत."

"मला खाली बसवत नाही हो. गुडघे दुखतात," मी म्हटलं. हे तसं खरंच होतं, पण त्या क्षणी मी ते खोट्यासारखं बोलले. "मागं खुर्ची ठेवलीय माझ्यासाठी."

ते मारुतीकडं बघत उभे राहिले. आत बासरी थांबली. मुलगी उठली नव्हती, त्यामुळे कुणीच उठलं नव्हतं. सगळे वाट बघत होते, पण आमच्याकडं कुणीही बघत नव्हतं. अण्णांनी डाव्या हातानं चपला काढल्या, वाकून नीट जोडून ठेवल्या आणि आत गेले. भिंतीचा आधार घेत हळूहळू खाली बसले. बासरीवालीनं राहिलेलं वाजवलं.

शेवटी प्रतीक्षा. भैरवी शेवटाला असते, म्हणून तिचा नंबर शेवटचा. ती पेटीमागं बसली, वर पाहिलं नाही. सुरुवात झाली आणि तेच झालं, भाता जोरात, सूर धापा टाकणारा. दुसऱ्या ओळीवर तिचं बोट घसरलं. तिनं पुन्हा धरलं, पुन्हा घसरलं. मग तिनं हात मांडीवर ठेवले. भैरवी तिथंच थांबली. मी मागच्या खुर्चीतून अण्णांकडं पाहिलं.

"भात्याशी भांडू नको," भिंतीकडून आवाज आला. खरखरीत, बऱ्याच दिवसांत न वापरलेला. "मोकळा सोड. पुन्हा घे."

तिनं पुन्हा घेतलं. मी काय ऐकलं ते सांगायला माझं दहा वर्षांचं शिक्षण पुरत नाही. फार मोठं वादन नव्हतं. पण पेटी श्वास घेत होती, आणि अण्णांचा डावा हात गुडघ्यावर हलका ठेका धरत होता. उजवा खिशातच होता. मला रडू आलं आणि मी ते पुसलं नाही.

भैरवी संपली. प्रतीक्षा उठली नाही. पेटीवर डोकं टेकवून तशीच बसून राहिली. आणि ती उठली नाही म्हणून अख्खं गाव बसून राहिलं. पाच मिनिटं गेली असतील. दूर एक म्हैस हंबरली, मग दुसरी. घोरणारे गृहस्थसुद्धा जागे होऊन बसले होते.

शेवटी अण्णा म्हणाले, "ऊठ बाई आता. लोकांना धारा काढायच्यात."

ती उठली. मग सगळे उठले.

बासरीवाल्या मुलीची मी माफी मागितली. ती म्हणाली, "म्होरल्या वर्षी अख्खं ऐका मंजे झालं." मी कबूल केलं.

सोमवारी सकाळी जळकोटचे दोघे जण ठरल्याप्रमाणे आले. तोवर पेटी अण्णांच्या घरी गेली होती. मी निरोप घ्यायला गेले तर अण्णा त्यांना चहा पाजत होते आणि हरभऱ्याविषयी बोलत होते. पेटीचा विषय त्यांनी काढला नाही, त्या दोघांनीही काढला नाही. ते रिकाम्या हातानं गेले. सुमनबाईंनी मला शेंगांच्या चटणीची पुडी दिली आणि गोधडीच्या तुकड्यांचं एक नवं बस्कर. "घ्या ताई, आता दुसऱ्याच्या बस्करावर बसायला नको तुमाला," त्या म्हणाल्या. जळकोटहून सोलापूरला थेट एसटी आहे, तुळजापूरला वळसा घालायची गरज नाही.

वहीत मी काहीच लिहिलं नाही. घरी आल्यावर पहिलं काम केलं ते ग्रुपवर माफी लिहिली. तिला चार अंगठे आले. वर शांतताच होती. एक आठवडा मी सहा वाजता कान देऊन बसायचे. मग बस्कर काखेत मारलं आणि जिना चढून वर गेले.

ईराच्या आईनं दार अर्धंच उघडलं. "वाजवत नाही हो ती आता. क्लास सोडला. तुम्हाला त्रास नाही व्हायचा."

हे ऐकायची तयारी करून गेले नव्हते. मी म्हटलं, "चूक माझी होती. मला ऐकायचं होतं. आमच्या घरातून मी आलेय." शेवटचं वाक्य त्यांना कळलं नसणार. पण आतून ईरा डोकावली. माझ्या काखेतल्या बस्कराकडं बघत राहिली. मग कपाटावरची व्हायोलिनची पेटी काढायला तिनं स्टूल सरकवलं.

मी त्यांच्या हॉलमध्ये जमिनीवर बसले. तारा उतरल्या होत्या, त्या लावण्यातच बराच वेळ गेला. मग तिनं सहा-सात मिनिटं वाजवलं. पूर्वीइतकंच कर्कश होतं, उगाच खोटं कशाला सांगू? दोनदा थांबली, दोनदा पुन्हा सुरू केलं. मग गज खाली ठेवला आणि खुर्चीत अवघडून बसून राहिली.

"झालं," ती म्हणाली. "आता तुम्ही गेलात तरी चालेल."

मी म्हटलं, "आधी तू ऊठ."