मान्याथीचे अधिक पन्नास

मान्याथी माझी शेजारीण. नवरा गेल्यावर शाळेचे गणवेश शिवून तिने एकुलता मुलगा वाढवला. तो म्थाबिसी आता झिम्बाब्वेच्या रग्बी संघात आहे, पहिल्या रांगेत डोकं घालून रेटणारा. हिला खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण न्यूझीलंडशी सामना ठरला आणि आमच्या एन्टुंबाने वस्तीतल्या सट्ट्याच्या दुकानात आपल्या पोरांवर कोणी डॉलरही लावत नाही असं तिच्या कानावर आलं, तेव्हा ती जी पेटली! चर्चचे नियम खुंटीला टांगून मला ओढतच तिकडे घेऊन गेली.

"माझ्या पोराच्या बाजूने एक तरी चिठ्ठी फाडायची," तिने खिडकीतल्या डुमेझ्वेनीला सुनावलं.

"मग जिंकण्यावर लावा, मावशी. एकाचे शंभर मिळतील."

"एवढे का रे?"

"ते जिंकणार नाहीत म्हणून."

मान्याथी माझ्याकडे वळली. "जो हरणार त्याला जास्त भाव? हा कसला बाजार गं?"

मला तरी कुठे कळत होतं! मी आपली शहाण्यासारखी मान हलवली.

"नाहीतर हे घ्या. झिम्बाब्वे, अधिक पन्नास. म्हणजे तुमच्या पोरांना आधीच पन्नास गुण दिले असं धरायचं. एकाचे जवळजवळ दोन."

बाईचा चेहरा उजळला. गरिबांच्या पोरांशी कोणीतरी न्यायाने वागलं म्हणे! दोन डॉलर लावून आली आणि आपला संघ पन्नासपासून सुरुवात करणार, असं गल्लीभर सांगत सुटली.

सामन्याच्या दिवशी दुकानातल्या टीव्हीवर शून्य-शून्य दिसलं.

"आमचे पन्नास कुठे गेले? चोर मेले!" ती पंचावर ओरडली. लोक पोट धरधरून हसले. मला तिची कीवही आली आणि तिचा रागही.

न्यूझीलंड बावन्न, आपण आठ. ती डोक्याच्या फडक्याने डोळे पुसत होती, तोच डुमेझ्वेनी नाचत आला. "जिंकलात, मावशी! आठ आणि पन्नास, अठ्ठावन्न! त्यांचे बावन्नच!" त्याने तिच्या मुठीत पैसे कोंबले, लोकांनी टाळ्या पिटल्या. रडावं की हसावं, तिला समजेना.

तेवढ्यात म्थाबिसीचा फोन आला. गोंगाटात ऐकू यावं म्हणून तिने स्पीकर लावला.

"हरलो गं आई. फार रगडलं त्यांनी."

"नाही रे बाळा, जिंकलो! मी अधिक पन्नास घेतलं होतं. इथे सगळे नाचतायत!"

"अधिक पन्नास? म्हणजे आम्ही हरणार, हे तुलाही वाटलंच होतं."

"अरे, मी तुझ्याच बाजूने लावले!"

"असू दे, आई." त्याने फोन ठेवला.

ती फोनकडे बघत बसली. मग उठली आणि सगळे पैसे खिडकीतून आत सरकवले.

"पुढच्या सामन्यावर. आपण जिंकणार, असं लिही."

"अहो मावशी, पुढे कोण आहे ते तरी विचारा."

"जिंकणार म्हणून लिही."