स्कार्फ बांधलेली परी

मी लग्नपत्रिका करतो. नागपुरात सदरला माझं छोटंसं दुकान आहे, आणि इतकी वर्षं कलश, केळीचे खांब आणि सनई काढून काढून मला एक खोड लागली आहे: कागदावर मोकळी जागा सहन होत नाही. कोपरा रिकामा दिसला की हात आपोआप तिथे आंब्याची पानं ठेवतो. टॅरोच्या पत्त्यांची जुडी करायला घेतली तोपर्यंत मी याला कला समजत होतो.

जुडी हवी होती माझ्या साळीला. बायकोची ही धाकटी बहीण पुण्यातली नोकरी सोडून हुडकेश्वरला आईबापाकडे परत आली होती आणि आता मी टॅरो वाचणार म्हणत होती. सासरे तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, त्यांना हा प्रकार तिने एकदा जेवताना समजावला. चित्रांची पानं असतात, त्यातलं एक ओढायचं, आणि चित्रातल्या खुणा पाहून मनातल्या प्रश्नावर बोलायचं.

"म्हणजे पोपटवाल्याचं काम," सासरे म्हणाले.

"यात पोपट नाही आहे बाबा."

"मंग पान कोण काढते?"

"गिऱ्हाईक काढते."

"म्हणजे पोपटाचं काम गिऱ्हाइकालेच लावलं."

बरीच भवती न भवती होऊन शेवटी अट ठरली. मे महिन्यात सदरच्या एका हॉलमध्ये बायकांच्या घरगुती वस्तूंचं प्रदर्शन होतं. सासरे म्हणाले, "एक दिवस बस तिथं. मी संध्याकाळी येऊन पाहतो. लोकं तुले हसून राहिले नसले तं खुशाल कर हे. हसून राहिले असले तं सोमवारपासून स्पर्धा परीक्षेचा क्लास. मंजूर?"

साळी मंजूर म्हणाली, पण आवाज बारीक झाला होता. कचेरीतल्या टेबलामागे पुन्हा बसायचं या नुसत्या कल्पनेने तिचं जेवण सुटलं होतं, हे मला बायकोने नंतर सांगितलं.

बाजारात मिळणाऱ्या जुडीत सांगाडे असतात, शिंगं असलेले सैतान असतात. ते पाहून आपल्याकडच्या बायका खुर्चीतून उठून जातील, म्हणून तिला सगळ्या पानांवर पऱ्या हव्या होत्या. परीला कोणी घाबरत नाही. मी सासूबाईंची कोथिंबिरीची सांबारवडी खाताखाता म्हणालो, "मी काढून देतो." मला कोणी विचारलं नव्हतं. सांबारवडी चांगली झाली होती, एवढंच.

"जिजाजी, प्रत्येक पानाचा अर्थ ठरलेला असते," साळी म्हणाली. "मी सांगतो तुम्हाले. तसंच काढजा."

असं म्हणून तिने मला मोबाइलवर आवाजी निरोप पाठवायला सुरुवात केली. पहिल्या दोनतीनमध्ये आत्म्याचा प्रवास होता. मी ते दुकानात लावले, तेव्हा समोर पत्रिका पसंत करायला आलेल्या वरपित्याने मला विचारलं, कोणी गेलं का घरात. मग मी उरलेले ऐकले नाहीत. तिने पानांची नावं दिली होती, ती मला पुरेशी होती.

पहिली परी काढून पाठवली तर साळीचा लगेच फोन.

"जिजाजी, हिच्या कपाळाले मुंडावळ्या काहून आहेत?"

मी बघितलं. खरंच होत्या. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"हिचं लग्न नाही आहे," ती म्हणाली. "ही एकटीच प्रवासाले निघाली आहे."

मुंडावळ्या काढल्या. मग मात्र मी पेटलो, आणि पुढची पानं तिला पाठवलीच नाहीत. जुडी आपल्या मातीतली झाली पाहिजे असं मीच ठरवलं. मूळ जुडीतल्या जादूच्या काठ्यांच्या जागी पऱ्यांच्या हातात कपाशीची पऱ्हाटी दिली, टोकाला फुटलेलं बोंड. सोन्याच्या नाण्यांच्या जागी संत्री. मृत्यू नावाचंही एक पान असतं. लग्नपत्रिकेच्या माणसाने ते काढावं कसं? मी उंबऱ्याजवळ बाहेर तोंड केलेल्या दोन चपला काढल्या आणि वर जागा उरली म्हणून तिथे तोरण बांधलं.

सूर्य आणि चंद्र या दोन पानांवर तर मी जीव ओतला. सूर्य म्हणजे काय, हे नागपूरच्या माणसाला कोणाला विचारावं लागत नाही. भर दुपारचा चौक काढला. परी स्कूटीवर, तोंडाला स्कार्फ, डोळ्यांना गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे. सिग्नल पार तिकडे पुढे, पण ती अलीकडेच कडुलिंबाच्या सावलीत थांबलेली, आणि ती सावलीही जेमतेम पुढच्या चाकापुरती. पंख वाळल्या पानासारखे गुंडाळलेले. उन्हाच्या झळा, म्हणजे लू, लागू नये म्हणून ठेवलेला कांदा खिशातून डोकावतोय. संकटाचं इतकं संपूर्ण चित्र मी आयुष्यात दुसरं काढलेलं नाही.

आणि चंद्र म्हणजे सुख. पाणी मारलेली गच्ची, माठ, बाजेवर पडलेली परी, सैल सोडलेले पंख. उजवीकडे जागा मोकळी राहिली, म्हणून तिथे अजून एक बाज टाकली, तिच्यावर गादी आणि उशी.

छपाईला उशीर झाला, तो माझ्यामुळेच. जुडी साळीच्या हातात पडली ती प्रदर्शनाच्या सकाळी, हॉलमध्ये, एका बाजूला लोणच्याचा आणि दुसऱ्या बाजूला कुर्त्यांचा स्टॉल असताना. ती एकेक पान बघत गेली आणि एका पानावर थांबली.

"जिजाजी, हे काय आहे?"

"सूर्य."

"सूर्य सगळ्यात चांगलं पान असते. आनंद, यश, मन मोकळं होणं."

"मंग?"

"मंग ही मरून राहिली ना जिजाजी."

मी तिला अगदी मनापासून विचारलं, "कोन्या गावात सूर्य चांगला असते वं?"

"जिथं हे पानं बनले तिथं थंडी असते," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं तुम्हाले. निरोपात होतं." मग तिने चंद्राचं पान वर धरलं. "अन् हे भीतीचं पान आहे. रात्री मनात येतात ते भास. तुम्ही तर इथं माठ ठेवला."

बायको लोणच्याच्या बरण्यांआडून माझ्याकडे बघत होती.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या लोणच्याच्या काकू. त्यांनी पान ओढलं ते नेमकं सूर्याचं.

"खूप चांगलं पान आलं काकू," साळी म्हणाली. "तुमच्यावर सूर्याची कृपा आहे."

काकूंनी पान जवळ धरलं, लांब धरलं. "कृपा? बाई, मी आताच नंदनवन कॉलनीतून आटोत आली. पुरी भाजून निघाली मी कृपेत." आणि त्या हसायला लागल्या. कुर्तीवाली बघायला आली. "हे तं मी आहो," ती म्हणाली. "माझा स्कार्फबी असाच आहे." मग तीही हसायला लागली.

दुपारभर हेच. साळी गंभीरपणे अर्थ सांगायची, गिऱ्हाईक चित्र बघायचं आणि हसायचं. मृत्यूच्या पानावरचं तोरण पाहून एका बाईला उचकी लागली. टेबलाभोवती ही गर्दी. दुसरं कोणी असतं तर खूश झालं असतं. इथे प्रत्येक हसण्यासरशी साळीचा चेहरा उतरत होता, आणि मी कूलरमागे उभा राहून पाणी संपलं का ते पुन्हापुन्हा बघत होतो. कूलर माझा नव्हता.

संध्याकाळी सासरे आले. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. त्याच क्षणी टेबलाजवळच्या सगळ्या बायका एकदम हसल्या.

सासरे थांबले. सगळ्यांकडे बघितलं, मग लेकीकडे.

"हसून राहिले ना?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा," ती म्हणाली. खोटं बोलली नाही.

सासरे खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "आलोच आहो तं एक काढतो."

त्यांनी चंद्र ओढला. गच्ची पाहून त्यांचा चेहरा जरा निवळला. "हे चांगलं दिसून राहिलं."

"चांगलं नाही बाबा. हे काळजीचं पान आहे."

"एवढ्या मस्त गच्चीवर कायची काळजी?"

आता ही अडकली, असं मला वाटलं. साळी पानाकडे बघत राहिली. मग तिने बोट ठेवलं ते दुसऱ्या बाजेवर. "हे पाहा. गादी टाकलेली आहे, उशीबी आहे. पण माणूस आलं नाही. ही झोपली नाही बाबा. ही वाट पाहून राहिली."

मी तोंड उघडणार होतो. ती बाज जागा उरली म्हणून टाकली होती, हे सांगणं मला प्रामाणिकपणाचं वाटलं. बायकोने माझ्या पायावर पाय ठेवला.

सासरे कूलरकडे तोंड करून म्हणाले, "तू पुण्याले गेली त्या उन्हाळ्यात मी रोज तुझी बाज टाकत होतो गच्चीवर. तुझी आई म्हणे, काहून टाकता, ती का तिथून येऊन झोपणार आहे."

साळीला हे ठाऊक नव्हतं. तिने पान उलटं ठेवलं, पुन्हा सुलटं केलं. लोणच्याच्या काकूंनी उगाच बरणीचं झाकण पुसलं.

"अन् हसून कायले राहिले होते सारे?" सासऱ्यांनी विचारलं.

काकूंनीच सूर्याचं पान त्यांच्यापुढे सरकवलं. सासऱ्यांनी चष्मा वर केला. स्कार्फ बघितला, मोजे बघितले, सावलीतलं चाक बघितलं. खिशातल्या कांद्यावर ते थांबले. मग त्यांनी स्वतःच्या खिशात हात घातला, आपला कांदा काढला आणि पानाशेजारी ठेवला. आकार तोच होता. त्यांचे खांदे हलायला लागले. सासऱ्यांना हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, अगदी माझ्या लग्नातही.

"बाबा," साळी हळूच म्हणाली, "तुम्हीबी हसून राहिले."

"हसून राहिलो," सासरे डोळे पुसत म्हणाले. "पण तुले नाही. तू तं बरोबर सांगून राहिली. हे सारे जावईबापूले हसून राहिले. तेवढं चालते."

"अन् क्लास?"

"कायचा क्लास. मागं लोकं उभे आहेत, पानं पिस."

मी पुढे होऊन म्हणालो, सूर्याचं पान मी नवीन काढून देतो, उद्याच देतो. बापलेक दोघंही एकदम "नाही" म्हणाले. सासऱ्यांनी कांदा उचलून परत खिशात ठेवला. हुडकेश्वरला जायचं होतं, आणि बाहेरचं ऊन अजून उतरलं नव्हतं.