नानांचा कृष्णधवल फोटो

मंडळी, सकाळपासून जिवाला चैन नाही, म्हणून इथे लिहितोय.

पाचोऱ्याचे आमचे नाना व्हॉल्व्हच्या जुन्या सेटवर अजून हॅम रेडिओ चालवतात. लोकांनी ते स्टेशन बघायला यावं म्हणून काल मी आमच्या संस्थेच्या वेबसाइटवर त्याची माहिती टाकली. जुनेपणा दिसावा म्हणून सेटशेजारी बसलेल्या नानांचा फोटो मुद्दाम कृष्णधवल केला.

सकाळी बघतो तर खाली ओळीने ‘भावपूर्ण श्रद्धांजली’! घाईघाईने फोटो रंगीत केला आणि नानांकडे धावलो.

नानांना यातलं काहीच माहीत नव्हतं. धुळ्याचे त्यांचे दोस्त हमीदभाई रोज सकाळी त्यांच्याशी सेटवर बोलतात. आज नाना हाका मारून थकले, तरी पलीकडून नुसती खरखर. कारण मला कळलं होतं, पण नानांना न सांगता बाहेर येऊन हमीदभाईंना फोन लावला. तोही लागेना.

दुपारी दारात रिक्षा थांबली. हमीदभाई उतरले, हातात भला मोठा हार. नानांना बघून जागीच खिळले.

नाना उलट त्यांच्यावरच अहिराणीत खेकसले, "सकाळपासून हाका मारी ऱ्हायनू! तुना सेट काबर बंद शे?"

हमीदभाईंनी हार पाठीमागे लपवला. "चालू करून बोलणार होतो कोणाशी, नाना?"

फोटो आता रंगीत आहे, तरी त्याखाली श्रद्धांजलीची फुलं पडतच आहेत. एक सांगा, श्रद्धांजली वाहणाऱ्यांपैकी नानांशी याआधी कोण बोललं होतं?