केसाएवढी लाल रेघ

आमच्या कारखान्यात लेझरचं मोजणी यंत्र आलं, त्या सकाळी मी पहिला दांडा त्याच्यासमोर ठेवला. पोलादावर केसाएवढी लाल रेघ उमटली आणि पडद्यावर आकडा आला. कुठे स्पर्शसुद्धा झाला नाही. दांडा जाडीला किंचित कमी होता, आणि तो आदल्या दिवशी सदाशिवदादांनी पास केला होता.

दादा आमच्या तपासणी विभागातले सर्वांत जुने. मायक्रोमीटर लावण्याआधीच त्यांच्या बोटांना माप कळतं, असं आम्ही नव्या लोकांना कौतुकाने सांगायचो. आकडा पाहताच ते पुढे आले. आदल्या दिवशीचे सगळे दांडे त्यांनी स्वतः एकेक करून यंत्राखाली ठेवले. आणखी चार नापास निघाले. हे दांडे रुग्णालयात औषध देणाऱ्या पंपांत बसवले जाणार होते.

"वर्ष झालं," दादा हळूच म्हणाले. "मायक्रोमीटरवरच्या रेघा मला धूसर दिसतात."

"मला ठाऊक होतं, दादा." माप घेताना ते नीट दिसावं म्हणून खिडकीशी जाऊन उभे राहत, हे मी कितीदा तरी पाहिलं होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग बोलला का नाहीस?"

आपण त्यांचा मान राखतोय, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. लेझरच्या त्या लाल उजेडाला असला संकोच नव्हता. आपण माणसं एकमेकांची उणीव मायेने झाकतो, आणि तिची जोखीम कुणा अनोळखी आजाऱ्याच्या अंगावर टाकतो.

 मी दादांनी परवा पास केलेल्या मालाची पेटी उघडली, आणि आम्ही दोघं पुन्हा मोजायला बसलो.