चहाच्या रंगाची डायल

घड्याळांची हौस आता मला पेलवत नाही. कपाट उघडायचासुद्धा कंटाळा येतो. एकेकाळी विंचूरच्या मार्केटला कांद्याची बोली लावताना मी मुद्दाम डावा हात वर करायचो. का, तर मनगटावरचं सोनेरी धूड सगळ्यांना दिसावं म्हणून. परदेशी, जाडजूड, उन्हात नुसतं लखलखणारं. आमची ही रोज सकाळी ते मऊ फडक्यानं पुसून माझ्या हातात द्यायची.

पुढे सोनं माझ्याच नजरेला खुपायला लागलं. मग स्टीलचं घेतलं, खोल समुद्रातही चालणारं. मी रामकुंडात गुडघ्याच्या वर कधी उतरलो नाही, ती गोष्ट वेगळी. तेही बोजड वाटायला लागलं, तेव्हा चामड्याच्या पट्ट्याचं आणलं, पातळ, बाहीखाली लपणारं. दरवेळी घरी सांगायचो, आता बास, हे शेवटचं. कसलं डोंबलाचं शेवटचं!

खरंच शेवटचं ठरलं ते एक जुनंपुराणं, रोज चावी द्यावी लागणारं. अंगावर ओरखडे, आणि मूळची पांढरी डायल वयानं पिवळट होत होत चहाच्या रंगाची झालेली. तो रंग मुद्दाम आणू म्हटलं तर येत नाही. त्या रंगावर माझा जीव जडला. का, ते घरात कुणाला सांगायचं सुचलं नाही.

माझ्या साठीला हिनं एक डबी हातात दिली. आत तेच घड्याळ. ओरखडे घासून घालवलेले, डायल नव्यानं रंगवलेली, पांढरीशुभ्र. "किती मळलं होतं हो," ही म्हणाली. मेनरोडला चकरा मारून करून घेतलं होतं तिनं. तो चहाचा रंग कायमचा गेला होता. पण तिचा चेहरा इतका फुलला होता की म्हटलं, छान झालंय. तेव्हापासून रोज तेच घालतो. हिला कळता कामा नये, एवढं एकच मनाशी धरून ठेवलं होतं.

परवा माझ्यासारखाच नाद असलेले एक दातांचे डॉक्टर घरी आले. भिंगातून बघत म्हणाले, "अरेरे, डायल रंगवलीय. कुणी हो वाट लावली हिची?"

ही चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

"मीच," मी म्हटलं. "माझीच अक्कल."

डॉक्टर हळहळत चहा पिऊन गेले. कपबशा गोळा करता करता हिनं विचारलं, "जुनं आवडायला लागलं कधीपासून?"

"झाली की बरीच वर्षं."

ती कपबशा तशाच टाकून खुर्चीत बसली. रडेल असं वाटलं मला, पण ती नुसती दमलेली दिसत होती.

"घड्याळाचं जाऊ द्या," ती म्हणाली. "बाकी काय काय आवडेनासं झालंय, तेही एकदा सांगून टाका. मी अजून सगळं पहिल्यासारखंच करतेय."