बंद जिनिंगमधला गळ

माझ्या साडूंइतका तयारीचा आणि निरुपयोगी मासेमार अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. दोन वर्षं त्यांनी रोज गळ फेकला, तोही बोरी अरबच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात. तिथं पाणी म्हणाल तर फक्त चौकीदाराच्या माठात.

त्याच जिनिंगमध्ये ते बावीस वर्षं ग्रेडर होते. गाडीतला कापूस चिमटीत ताणून धाग्याची लांबी सांगायचे, आणि त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. मग काही कापूस बोंडअळीनं खाल्ला, उरलेला पडत्या भावानं, लोक सोयाबीनकडे वळले आणि जिनिंगला कुलूप लागलं. साडू घरी बसले ते बोलेनासेच झाले. त्या वर्षांत आमच्याकडे दर आठवड्याला कुठून तरी वाईट बातमी यायची. अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीनं, घरातलं फवारणीचं औषध गुपचूप शेजारी नेऊन ठेवलं आणि दर शनिवारी निरोप धाडून मला रविवारी दारव्ह्याहून चक्कर मारायला लावलं. सहज आल्यासारखी.

अशात जावयानं दिलेल्या मोबाइलवर साडूंना एक गोरा गृहस्थ दिसला. गुडघाभर पाण्यात उभा राहून, पिसांची खोटी माशी बांधलेली दोरी तो डोक्यावरून मागे-पुढे झुलवून लांब फेकत होता. साडूंनी तोच ध्यास घेतला. इंग्रजी कळत नाही म्हणून आवाज बंद. "कापूस तरी कुठी बोलून सांगते?" वेळूची काठी केली, जपून ठेवलेल्या लांब धाग्याच्या कापसाची दोरी स्वतः वळून तिला मेण चोळलं. समोरच्या माणसाला आरशातल्यासारखं गिरवल्यामुळे जन्माचे उजवे साडू गळापुरते डावरे झाले. चूक दाखवली तर म्हणाले, आता हात बसला, राहू द्या. दोरी मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं असतं. ती सरळ झाली की मागून "झाली" म्हणायचं काम माझ्याकडे. खरं सांगतो, त्या उन्हाचा आणि धुळीचा मला वीट आला होता. दोनदा तर गळ माझ्याच टोपीत अडकला.

नदीवर चला म्हटलं, की हात अजून कच्चा आहे. शेवटी एका रविवारी मीच त्यांना अडाण नदीवर ओढून नेलं. जाळं दुरुस्त करत बसलेला भोई हातातलं काम थांबवून पाहू लागला. दोरी मागे गेली, सरळ झाली, पुढे आली आणि माशी पाण्यावर अलगद टेकली. इतकं देखणं काही मी त्या वर्षांत पाहिलं नव्हतं. मग सुती दोरी पोटभर पाणी पिऊन तळाला गेली. सकाळभर एकही मासा लागला नाही. भोयानं दया येऊन दोन मासे देऊ केले, ते साडूंनी हात जोडून नाकारले.

काठावर बसून दोरी पिळता पिळता ते म्हणाले, "तुमाले इनं, तुमच्या अक्कानं धाडलं, हे मले पयल्याच दिवशी समजलं होतं."

मी दोरीचं दुसरं टोक धरून पिळू लागलो.

"तुमी एवढ्या दुरून येता," ते म्हणाले, "तं तुमाले दाखवाले काही पाह्यजे नं. म्हणून शिकत गेलो."

मी ओशाळलो. दोन वर्षं मी त्यांना सांभाळतो आहे असं समजत होतो, आणि तेच माझा रविवार वाया जाऊ नये म्हणून राबत होते. पुढच्या रविवारी अक्काचा निरोप नव्हता. तरी मी पहिल्या एसटीनं निघालो.