काळ्यावर काळा दोरा

"९ मार्च, गुरुवार. स्वच्छ ऊन. नळाला पाणी वेळेवर. फादरांचा काळा झगा रफूला आला, उजवं कोपर. जाऊबाईंचा घसा आज बरा. दवाखान्यातून फोन: उद्या बेड रिकामा होतोय, येणार की नाही ते संध्याकाळपर्यंत कळवा."

एवढं लिहून रफूबाईंनी वही मिटली आणि झगा मांडीवर घेतला. उत्तर द्यायला संध्याकाळपर्यंत वेळ होता आणि द्यायचं उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं.

गल्लीत त्यांना सगळे रफूबाई म्हणत. खरं नाव फक्त चर्चच्या नोंदीत आणि जाऊबाईंच्या रागात उरलं होतं. कॉन्व्हेंटमध्ये शिवण शिकवणाऱ्या सिस्टरांनी त्यांच्या हातात सुई दिली. नवरा अकाली गेला तेव्हा त्याच सुईनं घर तारलं. पुढे थोरले दीरही गेले, आणि दोघी जावा एका छपराखाली राहू लागल्या, सकाळी भांडायला आणि संध्याकाळी एकत्र जपमाळ म्हणायला.

काचबिंदूनं डावा डोळा नेला होता. हे गुपित त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं; जाऊबाईंनासुद्धा त्या "जरा अंधूक दिसतं" एवढंच सांगत. आता उजवा त्याच वाटेला लागला होता. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. "ऑपरेशन केलं तर आहे ती नजर बहुधा टिकेल. क्वचित जातेही. खात्री मी देणार नाही. नाही केलं तर मात्र जाणारच, हळूहळू."

इकडे आड, तिकडे विहीर.

रफूबाई खिडकीशी सरकल्या. काळ्या कापडावर काळा दोरा म्हणजे धडधाकट डोळ्यांचीही परीक्षा. झग्याच्याच आतल्या शिलाईतून त्यांनी दोरे सोडवून घेतले आणि बोटांच्या टोकांनी वीण चाचपत सुई चालवू लागल्या. सुई चालत होती, मन मात्र देवाशी सौदा करत होतं. प्रभू, डोळा राहू दे, रोज चर्चमध्ये मिस्साला येईन. राहू दे, जाऊबाईंना उलटून बोलणार नाही. राहू दे... प्रत्येक 'राहू दे'बरोबर दोरा ओढला जात होता.

"कसा फाटला म्हणे?" जाऊबाईंनी आतून विचारलं.

"खुर्चीच्या खिळ्यात अडकून."

"बरोबर आहे. प्रवचन इतकं लांबलं की खिळेसुद्धा बाहेर येऊन बघायला लागले, कधी संपतंय ते!"

एरवी रफूबाई हसल्या असत्या. त्यांनी शेवटचा दोरा तोडला, ओला फडका पसरला आणि वरून इस्त्री दाबली. फडका उचलला, बोट फिरवलं. कोपर आवळून आलं होतं, मधोमध बोराएवढा फुगवटा. उभ्या आयुष्यात असं काम त्यांच्या हातून झालं नव्हतं.

झालं. डोळा तर चाललाच, आता हातही गेला.

इस्त्री गार झाली. मग सवयीनं बोट पुन्हा कापडावर गेलं. उभे दोरे सरळ होते. आडवे एकाआड एक नीट खालीवर गेले होते. एकही टाका चुकला नव्हता. बोट कडेला पोचलं आणि थांबलं. कडेला ढीलच नव्हती. रफूचा दोरा वळताना टोकाला इवलासा फासा सैल सोडावा लागतो; ओल लागली की दोरा आक्रसतो, त्याला जागा हवी. हे त्या शाळकरी वयात शिकल्या होत्या आणि आज एकाही दोऱ्याला त्यांनी जागा ठेवली नव्हती.

डोळ्यानं चूक केली नव्हती. भीतीनं ओढलं होतं सगळं.

त्या उसवायला बसल्या. उसवताना सिस्टर आठवल्या. परीक्षेच्या धास्तीनं रडणाऱ्या मुलींना त्या चॅपेलमध्ये नेऊन बसवायच्या. म्हणायच्या, "अगं, क्रुसावर जायच्या आदल्या रात्री बागेत आपला प्रभूही घाबरला होता. घाम फुटला होता त्याला. हे टळू दे म्हणाला, आणि मग आकाशातल्या बापावर सोडलं. घाबरणं पाप नाही गं. पण एकटीनं कशाला घाबरायचं?"

रफूबाईंनी सुई खाली ठेवली. "प्रभू," त्या पुटपुटल्या, "मला आंधळं व्हायचं नाही. मला फार भीती वाटते. पण मी आता ओढणार नाही. उजेड असो की अंधार, तू सोबत ये." सौदा नाही, अट नाही. उत्तरही आलं नाही. फक्त आवळलेले खांदे आपसूक खाली आले.

तेवढ्यात दार वाजलं. फादर झगा न्यायला आले होते.

"फादर, झगा झाला नाही," रफूबाई म्हणाल्या, आणि थांबल्या नाहीत. "मला डाव्या डोळ्यानं काहीच दिसत नाही. उजव्याचं ऑपरेशन उद्या होऊ शकतं. काय होईल ते डॉक्टरांनाही माहीत नाही."

फादर खुर्चीच्या कडेवर टेकले. "मलाही माहीत नाही, बाई. खोटा धीर देत नाही. उद्या दवाखान्यात येतो, तुम्ही आत असाल तोवर बाहेर प्रार्थना करतो. चालेल?"

रफूबाईंनी मान हलवली आणि दबकत, आतून बाहेर आलेल्या जाऊबाईंकडे वळल्या. "जाऊबाई, तुम्हाला सांगणारच होते, पण..."

"गप्प बस!" जाऊबाईंचा आवाज चिरकला. "मी काय दूधखुळी आहे? तुझ्या डाव्या हाताला चहाचा कप ठेवायचा मी कधीच सोडलाय. आलं का तुझ्या लक्षात? रोज उजवीकडे ठेवते. वाट बघत होते, ही बया तोंड कधी उघडते म्हणून."

रफूबाई नुसत्या हसल्या, आणि हसताना डोळे वाहिले, दोन्ही.

"लाव तो फोन," जाऊबाई म्हणाल्या. "नाही, थांब, नंबर मी दाबते. तू चुकीचा दाबशील आणि भलत्याच माणसाच्या पोटाचं ऑपरेशन व्हायचं."

पलीकडून कुणीतरी घाईनं विचारलं. रफूबाई शांतपणे म्हणाल्या, "हो. येते उद्या."

झगा त्यांनी तसाच, उघड्या कोपराचा, घडी घालून फादरांच्या हाती दिला. "नजर राहिली तर मी करीन. नाहीतर बाजारात दुसरा रफूवाला आहे, हात चांगला आहे त्याचा."

"रविवारी असाच घालतो," फादर म्हणाले. "नाहीतरी लोक माझ्याकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त बघतात."

ते गेल्यावर दोघींनी जपमाळ म्हटली. भीती गेली नव्हती. शेजारच्या खोलीतल्या पाहुण्यासारखी होती, पण आता घर तिचं नव्हतं. जाऊबाई पिशवी भरायला उठल्या, आणि रफूबाईंनी उरलेल्या उजेडात वही उघडून सकाळच्या मजकुराखाली लिहिलं:

"उद्या दवाखान्यात जायचं ठरलं. मोरीतला नळ गळतो, खाली बादली ठेवली."